प्राणवायूचे यंत्र आणि विमानप्रवास

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



आजच्या विषयावर बोलण्यासाठी आपण एखाद्या डॉक्टरांना किंवा वैमानिकाला पाचारण केले असते, तर ते अधिक उचित झाले असते. मी व्यवसायाने अनुवादक आहे. मराठी साहित्य हा माझ्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय; वैद्यकाशी आणि यंत्रशास्त्राशी माझा संबंध अनुवादासाठी हाती आलेल्या पुस्तकांपुरताच. तरीही हे निमंत्रण मी स्वीकारले, याला एक कारण आहे. प्राणवायूचे यंत्र बरोबर घेऊन विमानप्रवास करणाऱ्या रुग्णाच्या वाटेत जे अडथळे येतात, त्यांपैकी निदान एक अडथळा शब्दाचा असतो, हे मला अनुभवाने कळले आहे. आणि त्या प्रसंगी चुकीचा शब्द लिहिणारी व्यक्ती मीच होते.

तो प्रसंग थोडक्यात सांगते. माझ्या आईला दीर्घकालीन फुप्फुसविकार आहे. उभी हयात चुलीच्या धुरात गेलेल्या अनेक स्त्रियांना तो जडतो, तसाच तिलाही जडला. गेली काही वर्षे चालताना आणि झोपताना तिला प्राणवायू द्यावा लागतो. त्यासाठी खांद्याला अडकवता येईल असे एक लहानसे यंत्र आम्ही घेतले आहे. इंदूरला राहणाऱ्या माझ्या मावशीवर शस्त्रक्रिया व्हायची होती, आणि आदली संध्याकाळ बहिणीजवळ बसून काढावी, एवढीच आईची इच्छा होती. पुण्याहून मोटारीने दहा-बारा तास जाण्यापेक्षा दीड तासाचा विमानप्रवास तिला कमी त्रासाचा होईल, असे डॉक्टरांनीही सांगितले. मी विमान कंपनीचा वैद्यकीय माहितीचा फॉर्म भरून पाठवला. 'प्रवासात कोणती वैद्यकीय सामग्री बरोबर असेल?' या प्रश्नापुढे मी एकच शब्द लिहिला, 'ऑक्सिजन'. त्या फॉर्मचे उत्तर आले नाही. ते विमानतळावर मिळेल, अशी मी आपली समजूत करून घेतली.

काउंटरवरील तरुणाने फॉर्म वाचला आणि नम्रपणे सांगितले, "मॅडम, स्वतःचा ऑक्सिजन विमानात नेता येत नाही."

मी म्हटले, "यात ऑक्सिजन नाही."

त्याने आईच्या नाकातील नळीकडे पाहिले आणि विचारले, "मग आजींच्या नाकात काय जातं आहे?"

मला उत्तर देता येईना. आई खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "अरे बाबा, हे घरून काही भरून आणलेलं नाही. इथलीच हवा घेतं आणि पाखडून देतं."

यंत्राचे इतके नेमके वर्णन मला त्यानंतर कोणत्याही पुस्तकात आढळलेले नाही. पण विमानतळावर वर्णन चालत नाही, कागद चालतो. कागदावर 'ऑक्सिजन' असे लिहिलेले होते. यंत्राचे नाव नव्हते, बॅटरीचा उल्लेख नव्हता, आणि कंपनीची लेखी अनुमतीही नव्हती. वरिष्ठ अधिकारी आले, त्यांनी सारे ऐकून घेतले आणि आपली असमर्थता व्यक्त केली. विमान निघून गेले. आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो, तेव्हा मावशीला शस्त्रक्रियागृहाकडे नेत होते. दोघी बहिणींची भेट झाली, ती दारातली. मावशी पुढे बरी झाली, म्हणून आज हा प्रसंग मी मोकळेपणाने सांगू शकते. तसे झाले नसते, तर तो एक शब्द मला जन्मभर सलत राहिला असता.

प्राणवायू बरोबर नेणे वेगळे आणि तो वाटेत हवेतून मिळवणे वेगळे, हा भेद आज मला आपल्यासमोर मांडायचा आहे. विमानप्रवासाचे बहुतेक सर्व नियम, परवानग्या आणि प्रवाशाने करावयाची तयारी या एका भेदातून निघते. तो नीट समजला की उरलेले सारे पाठ करावे लागत नाही. ते आपोआप सुचते.

प्रथम एका मूलभूत प्रश्नाचा विचार करू. घरात बऱ्या असणाऱ्या माणसालाही विमानात प्राणवायूची गरज का भासावी? विमानाच्या आतील हवा जमिनीवरच्या हवेसारखीच असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती बरोबर नाही. प्रवासी विमान साधारणपणे ३५,००० ते ४०,००० फुटांवरून उडते. तेथील बाहेरची हवा इतकी विरळ असते की, तीत माणूस काही मिनिटेही शुद्धीवर राहू शकणार नाही. म्हणून विमानात हवा दाबून भरली जाते. परंतु जमिनीइतका दाब ठेवायचा तर विमानाचे कवच फार जड करावे लागेल. यावर तडजोड अशी की, नेहमीच्या उड्डाणात आतील दाब ८,००० फूट उंचीवरील हवेच्या दाबापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही. बोइंग ७८७ सारख्या काही नव्या विमानांत तो ६,००० फुटांच्या उंचीइतका राखला जातो. परंतु आपल्या वाट्याला कोणते विमान येईल, हे प्रवाशाच्या हाती नसते.

८,००० फूट म्हणजे किती? महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. निलगिरीतील उटकमंड सुमारे ७,३५० फुटांवर आहे. तेव्हा विमानातील खुर्चीत स्वस्थ बसलेला प्रवासी हवेच्या दृष्टीने कळसूबाईच्या, इतकेच नव्हे तर उटकमंडच्याही वर बसलेला असू शकतो. आणि तोही अर्ध्या तासाच्या आत तेथे जाऊन पोहोचलेला असतो.

या उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे म्हणणेही काटेकोर नाही. प्रमाण सर्वत्र २१ टक्केच असते. कमी होतो तो दाब. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो. ८,००० फुटांवर तो सुमारे ५६५ मिलिमीटर भरतो. दाब कमी झाला की प्रत्येक श्वासात येणारे प्राणवायूचे कण कमी होतात. परिणाम असा होतो की, समुद्रसपाटीला हवेत २१ ऐवजी केवळ १५ टक्के प्राणवायू असता तर जी स्थिती झाली असती, तीच विमानात होते. निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायूची संपृक्तता त्यामुळे काही टक्क्यांनी उतरते, आणि बहुधा त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग रुग्णाचेच काय बिघडते? येथे रक्ताचा एक गुणधर्म ध्यानात घ्यावा लागतो. रक्त आणि प्राणवायू यांचे नाते सह्याद्रीच्या पठारासारखे आहे. पठारावर बराच वेळ चालले तरी उंचीत फारसा फरक पडत नाही. मात्र कडा आला की एकदम उतार लागतो. निरोगी माणूस पठाराच्या मध्यावर उभा असतो. हवा थोडी विरळ झाली तरी तो पठारावरच राहतो. फुप्फुसविकार असलेला माणूस आधीच कड्याजवळ उभा असतो. तेवढ्याच फरकाने त्याचा पाय उतारावर पडतो आणि रक्तातील प्राणवायू झपाट्याने घसरतो.

या घसरणीचे वैशिष्ट्य असे की, ती पुष्कळदा वेदना देत नाही. याचे एक दारुण उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. १५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' नावाच्या फुग्यातून क्रोसे-स्पिनेली, सिव्हेल आणि गास्तों तिसांदिए हे तीन फ्रेंच संशोधक पॅरिसहून आकाशात चढले. विरळ हवेच्या परिणामांचा अभ्यास करणारे शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांच्या सल्ल्यानुसार त्यांनी प्राणवायूमिश्रित हवेच्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. त्या पुरेशा नाहीत, असे बेर यांनी पत्राने कळवले. पण ते पत्र वेळेवर पोहोचले नाही. साठा थोडा, म्हणून तो अगदी गरज पडेल तेव्हाच वापरायचा, असे तिघांनी ठरवले. फुगा सुमारे ८,६०० मीटर उंचीपर्यंत गेला. प्राणवायूची गरज कळली तेव्हा पिशवीच्या नळीपर्यंत हात उचलण्याचे बळ त्यांच्यात उरले नव्हते. तिसांदिए एकटे जिवंत परतले. आपल्याला त्या वेळी कसलाही त्रास जाणवला नाही, उलट मनाला एक प्रकारचे सुखच वाटत होते, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे.

विमानातील उंची अर्थातच इतकी नसते, आणि मला कोणाला भयभीत करायचे नाही. परंतु या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. 'त्रास झाला तर यंत्र लावू' हे धोरण घातक आहे. कारण त्रास कळण्याची शक्तीच प्रथम मंदावते. आणि प्राणवायू जवळ असणे पुरेसे नाही. त्याचा हिशोब जमिनीवर असतानाच पुरा झालेला असला पाहिजे.

आता मूळ भेदाकडे वळू. रुग्णाला प्राणवायू देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सिलिंडरचा. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात प्राणवायू मोठ्या दाबाखाली भरून ठेवतात आणि तो हळूहळू सोडतात. येथे प्राणवायू खरोखरच बरोबर नेलेला असतो. तो संपला की नळकांडे रिकामे.

दुसरा मार्ग माझ्या आईच्या यंत्राचा. २०२१ सालच्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 'कॉन्सन्ट्रेटर' हा शब्द भारतात घरोघरी पोहोचला. त्या नावाने ओळखले जाणारे मोठे यंत्र घरात एका जागी ठेवायचे असते. प्रवासात नेण्याचे यंत्र त्याचीच लहान आवृत्ती होय. त्यात प्राणवायू साठवलेला नसतो. ते भोवतालची हवा आत ओढते, दाबते आणि झिओलाइट नावाच्या पदार्थाच्या बारीक कणांनी भरलेल्या नळीतून पाठवते. दाबाखाली हे कण हवेतील नत्रवायू धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे जाऊ देतात. काही सेकंदांत कण नत्रवायूने भरून गेले की दाब काढून घेतला जातो. नत्रवायू सुटून बाहेर जातो, आणि तोवर दुसऱ्या नळीने काम हाती घेतलेले असते. अशा आळीपाळीने, सुमारे ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू रुग्णाच्या नाकापर्यंत पोहोचतो. सुपात धान्य पाखडताना फोल उडून जावे आणि दाणा मागे राहावा, तसाच हा प्रकार आहे. आईचा शब्द त्यामुळेच नेमका होता.

जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की, झिओलाइट हे खनिज महाराष्ट्राला परके नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत पुणे, नाशिक, जळगाव या भागांत त्याचे अत्यंत देखणे स्फटिक सापडतात. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ते पाहावयास मिळतात. यंत्रात वापरले जाणारे झिओलाइट मात्र कारखान्यात तयार केलेले असते.

विमान कंपन्या सिलिंडरला इतक्या का बिचकतात, तेही समजून घेतले पाहिजे. कारण त्यांची भीती निराधार नाही. प्राणवायू स्वतः जळत नाही, परंतु दुसऱ्याचे जळणे तो विलक्षण वेगाने वाढवतो. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत मायामीहून अटलांटाकडे निघालेले व्हॅल्यूजेट कंपनीचे ५९२ क्रमांकाचे विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात फ्लोरिडातील दलदलीत कोसळले आणि त्यातील सर्व ११० माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या विमानांतून काढलेली, मुदत संपलेली रासायनिक प्राणवायू-उत्पादके सुरक्षा-टोपणे न लावताच सामानकक्षात ठेवण्यात आली होती. त्यांपासून आग लागली, आणि त्यांतून सुटणाऱ्या प्राणवायूनेच तिला खाद्य पुरवले. 'ऑक्सिजन' हा शब्द वाचून काउंटरवरचा तरुण थबकला, त्यामागे असा इतिहास आहे. त्याचे थबकणे चूक नव्हते. मी त्याला पुढचा शब्द दिला नाही, ही चूक होती.

आता नियमांकडे पाहा, म्हणजे ते या भेदावरच कसे उभे आहेत हे ध्यानात येईल. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वैद्यकीय उपयोगाचे लहान सिलिंडर नेण्यास विमान कंपनीची मंजुरी लागते. अनेक कंपन्या ती देत नाहीत, आणि द्रवरूप प्राणवायूला तर बंदीच आहे. हवेतून प्राणवायू मिळवणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २००५ साली अशा दोन यंत्रांना विमानात वापरण्याची प्रथम मुभा दिली. त्यापूर्वी तेथील रुग्णाला कंपनीने पुरवलेल्या प्राणवायूवरच विसंबून राहावे लागे. पुढे मान्य यंत्रांची यादी लांबत गेली, आणि २०१६ साली यादीऐवजी निकष ठरवण्यात आले. निकष पूर्ण करणाऱ्या यंत्रावर तशा अर्थाचा मजकूर तांबड्या अक्षरांत छापलेला असतो. यंत्र विकत घेण्यापूर्वी ही तांबडी ओळ पाहून घ्यावी. तीन तासांच्या वादापेक्षा तिचे काम मोठे असते.

यंत्राच्या पोटात प्राणवायूचा साठा नसला, तरी दुसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे लिथियमची बॅटरी. सिलिंडरबाबत जी भीती असते, तिची जागा येथे बॅटरी घेते. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास हे दोन आकडे असतात. त्यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. उदाहरणार्थ, १४.४ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर-तास यांचा गुणाकार सुमारे ९८ होतो. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा हरकत नसते. १०० ते १६० यांच्या दरम्यान कंपनीची संमती लागते आणि अशा दोनच सुट्या बॅटऱ्या नेता येतात. सुट्या बॅटऱ्या कोणत्याही परिस्थितीत मोठ्या सामानात टाकू नयेत. त्या हातातील पिशवीतच, प्रत्येकीची टोके झाकून, स्वतंत्र ठेवाव्यात.

किती बॅटऱ्या घ्याव्यात? अनेक कंपन्यांची अपेक्षा अशी असते की, उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट पुरेल इतकी शक्ती बरोबर असावी. ही अपेक्षा किमान समजावी. कारण रुग्णाचा श्वास उड्डाणाबरोबर सुरू होत नाही आणि उतरल्याबरोबर थांबत नाही. आमचाच हिशोब सांगते. उड्डाण दीड तासाचे. घरापासून विमानतळ एक तास, तेथे प्रतीक्षा दोन तास, उतरल्यावर सामान आणि टॅक्सी मिळून एक तास. बेरीज साडेपाच तास; तिची दीडपट केली तर सव्वाआठ तास. एक बॅटरी चार तास चालत असेल, तर दोन बॅटऱ्या कागदावरही पाव तासाने कमी पडतात. विमान उशिरा सुटले तर आणखीच कमी पडतील. म्हणून तीन घ्याव्यात. खुर्चीजवळ विजेची सोय असेलच, किंवा ती वापरू दिली जाईलच, असे गृहीत धरू नये. प्रतीक्षाकक्षात मात्र वीज मिळाल्यास यंत्र तिच्यावर चालवून बॅटरी वाचवावी.

यंत्राच्या आकड्यांविषयीही एक गैरसमज आढळतो. सिलिंडरवर '२' म्हणजे मिनिटाला दोन लिटर. बहुतेक लहान यंत्रे मात्र सतत प्रवाह देत नाहीत. रुग्ण श्वास आत घेऊ लागला की त्याच क्षणी एक झोत सोडतात. त्यांच्यावरील '२' हा केवळ खुणेचा आकडा असतो, आणि तो प्रत्येक बनावटीत वेगळ्या प्रमाणाचा असतो. म्हणून घरचे प्रमाण या यंत्रावर जसेच्या तसे लावू नये. डॉक्टरांसमोर यंत्र लावून, चालून, ऑक्सिमीटरवर आकडा पाहून मगच प्रमाण ठरवावे. विमानातील विरळ हवेसाठी ते वाढवावे लागेल का, हेही तेव्हाच विचारावे. झोपेत श्वास उथळ झाला किंवा तोंडाने घेतला गेला, तर काही यंत्रांना तो उमगत नाही आणि झोत सुटत नाही. तेव्हा रात्रीच्या लांबच्या प्रवासाचा विचार अधिक काळजीपूर्वक झाला पाहिजे.

जमिनीवरचा आकडा चांगला असला म्हणजे विमानातही तो चांगलाच राहील, असे मात्र नाही. यासाठी एक सोपी चाचणी उपलब्ध आहे. रुग्णाला २० मिनिटे १५ टक्के प्राणवायू असलेली हवा श्वसनास देतात. म्हणजे विमानातील हवाच जमिनीवर आणतात. संपृक्तता ८५ टक्क्यांच्या खाली गेली, तर प्रवासात प्राणवायू आवश्यक आहे, असा निकष ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने घालून दिला आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी मोठ्या रुग्णालयातील फुप्फुसविकार विभागात या चाचणीची चौकशी करावी.

काहींनी तर यंत्र असूनही विमानात पाऊल ठेवू नये. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा साचली असेल, तर विमानातील कमी दाबामुळे ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते आणि फुप्फुसाला दाबते. हा धोका प्राणवायूने टळत नाही. त्याचप्रमाणे लेहला जाणाऱ्या रुग्णाने एक गोष्ट विसरू नये. तेथील विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १०,७०० फुटांवर आहे. इतर ठिकाणी विमानाचे दार उघडले की हवा दाट होते. लेहला ती अधिक विरळ होते, आणि दीड तासात संपत नाही. अनेक यंत्रांच्या माहितीपत्रकात त्यांच्या कामाची मर्यादा १०,००० फूट अशी दिलेली असते. यंत्र भोवतालच्या हवेतूनच प्राणवायू मिळवते; हवाच विरळ असेल तर त्याचेही काही चालत नाही.

विमानाच्या छतातून सुटणाऱ्या मास्कविषयी नेहमी विचारले जाते. तो रुग्णासाठी नसतो. आतील दाब अकस्मात नाहीसा झाला, तर विमान सुरक्षित उंचीपर्यंत खाली येईतो सर्वांना पुरावा, यासाठी तो असतो. त्यातील प्राणवायू बहुधा पाव तासाच्या आसपास पुरतो. त्याच्या भरवशावर कोणी निघू नये.

शेवटी कागदपत्रांविषयी. आपल्या देशातील विमान कंपन्याही वैद्यकीय फॉर्म आणि डॉक्टरांचा ताजा दाखला मागतात, आणि निदान ४८ तास आधी कळवणे इष्ट असते. प्रत्येक कंपनीचे नियम थोडे वेगळे असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे. फॉर्मवर यंत्राच्या बनावटीचे नाव, नमुन्याचा क्रमांक, बॅटऱ्यांची संख्या आणि प्रत्येकीचे वॅट-तास लिहावेत. डॉक्टरांच्या दाखल्यात प्रवाशाला यंत्र कोणत्या प्रमाणावर, केव्हा आणि किती वेळ लागते हे स्पष्ट असावे. कंपनीची अनुमती लेखी घ्यावी आणि तिची छापील प्रत जवळ ठेवावी. विमानतळावरील चालणे हेच रुग्णाला प्रत्यक्ष उड्डाणाहून जड जाते. तेव्हा चाकाची खुर्ची मागण्यात संकोच मानू नये. विमानात यंत्र समोरच्या खुर्चीखाली, हवा आत घेण्याची जागा मोकळी राहील असे ठेवावे. आणीबाणीच्या दाराजवळील खुर्ची मिळणार नाही, ती मागूही नये. नाक कोरडे पडते म्हणून तेलकट मलम लावू नये; प्राणवायूच्या सान्निध्यात ते पेट घेऊ शकते.

त्या दिवशी संध्याकाळी घरी परतल्यावर मी फॉर्म पुन्हा भरला. 'ऑक्सिजन' खोडून लिहिले: "हवेतून प्राणवायू वेगळा करणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र. यात दाबाखालील वायू किंवा द्रवरूप प्राणवायू नाही." त्याखाली यंत्राचा क्रमांक आणि बॅटऱ्यांचे वॅट-तास लिहिले, तांबड्या ओळीचे छायाचित्र जोडले आणि कंपनीला दूरध्वनी केला. रात्री लेखी अनुमती आली. सकाळी काउंटरवर तोच तरुण होता. त्याने कागद वाचला, यंत्रावरची ओळ पाहिली आणि बोर्डिंग पास दिला. सारे काम चार मिनिटांत आटोपले. निघताना आईने त्याला विचारले, "कळलं ना आता, काय आहे ते?" तो हसून म्हणाला, "हो आजी, पाखडण्याचं यंत्र."

श्रोतेहो, यंत्रे सुधारतील, हलकी होतील, नियमही बदलत राहतील. परंतु ज्याला श्वास कमी पडतो तो माणूस काउंटरपुढे उभा राहून फार वेळ बोलू शकत नाही. त्याचे म्हणणे त्याच्या आधी, अचूक शब्दांत, कागदावर तेथे पोहोचलेले असावे, ही जबाबदारी आपणा बरोबरच्या माणसांची आहे. ती मी एकदा पार पाडू शकले नाही. आपल्यापैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हे बोलले.